भांडाराला टायपिस्ट पाहिजे

भांडाराला एक टायपिस्ट पाहिजे होता. मूळ भानगड एवढीच. यातून कायदा, केळझर आणि माझी अब्रू असं सगळं निघेल, असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. नंतर पुष्कळांनी सांगितलं, पण तोवर हसण्याची सोय राहिली नव्हती.

साल एकोणऐंशी. बोरगाव मेघेच्या आमच्या वस्तीत सुलभ ग्राहक सहकारी भांडार नावाची संस्था होती. साखर, तांदूळ, पामतेल, रॉकेल आणि शाळा उघडायच्या दिवसांत वह्या. मी दिवसा वर्ध्याला एका कचेरीत हेडक्लार्क आणि उरलेल्या वेळात भांडाराचा मानद चिटणीस. मानद म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: काम सगळं आपलं, पगार नाही, आणि काही बिघडलं तर सही आपली. अध्यक्ष वासुदेवराव हे मोठे कास्तकार. ते सभेला येत, चहा पीत आणि "नाना पाहून घेतील" असं म्हणून उठत. मी पाहून घेत असे.

तर मराठी टाईपरायटर आला, तो चालवायला माणूस हवा म्हणून आम्ही फळ्यावर जाहिरात लावली आणि सेवायोजन कार्यालयाकडून नावंही मागवली. अकरा अर्ज आले. चार पुरुष, सात बायका. मुलाखती शनिवारी ठेवल्या आणि नेमकी त्याच शनिवारी माझ्या कचेरीत वरून तपासणी आली. मी घाईघाईने एक पत्र लिहिलं: "मुलाखती घेण्याचे संपूर्ण अधिकार व्यवस्थापक श्री. बंडोपंत यांना देण्यात येत आहेत." खाली सही, सहीखाली शिक्का. त्यातला 'संपूर्ण' हा शब्द मी उगाचच घातला. कारकुनाला वाक्यात मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात.

बंडोपंतांबद्दल एक गोष्ट आधीच कबूल करतो. माणूस प्रामाणिक. त्यांच्या हाताखाली साखरेचा दाणा इकडचा तिकडे झाला नाही. रॉकेलच्या रांगेत त्यांनी सख्ख्या मेहुण्याला शेवटी उभं केलं होतं. त्यांना दुखणं एकच होतं, ते म्हणजे पुलगावला असणारा एकतीस वर्षांचा पुतण्या. त्याच्यासाठी ते तीन वर्षं मुली पाहत होते. वर्धा, आर्वी, हिंगणघाट, सगळं पाहून झालं होतं. चिवडा खाऊन त्यांचं पोट बिघडलं, पण लग्न जमलं नव्हतं.

रविवारी मी विचारलं, "कशा झाल्या मुलाखती?"

"उत्तम," बंडोपंत म्हणाले. "दोन तर फारच चांगल्या आहेत. घरच्यांशी बोलून सांगतो."

घरच्यांशी कशाला, हे मी विचारायला हवं होतं. मी तपासणीच्या शेऱ्यांची उत्तरं लिहीत होतो. विचारलं नाही.

आठव्या दिवशी माझ्या कचेरीच्या टेबलावर पोचपावतीसह रजिस्टर पत्र येऊन पडलं. सबंध कचेरीसमोर मी ते उघडलं, ही दुसरी चूक. पत्र टाईप केलेलं होतं. इतकं स्वच्छ की आधी मी मजकूर न वाचता नुसता समासच पाहत राहिलो. एक खाडाखोड नाही. लिहिणारी कुमारी नलिनी चंद्रभान भोयर, मुक्काम केळझर. मजकूर असा, की टंकलेखक पदाच्या मुलाखतीत आपल्याला यंत्रावर बसवण्यात आलं नाही. त्याऐवजी गोत्र, उंची आणि भावंडं विचारण्यात आली. रॉकेलच्या टाकीपर्यंत चालत जाऊन परत यायला सांगण्यात आलं. सुईत दोरा ओवायला लावला. शेवटी गोदामातल्या स्टोव्हवर पोहे करून दाखवता का, असं विचारण्यात आलं. आपण नकार दिल्यावर "पुढची" अशी हाक मारण्यात आली. व्यवस्थापकाने हे संस्थेच्या जागेत, संस्थेच्या कामाच्या वेळेत आणि संस्थेने दिलेल्या अधिकाराने केलं, सबब त्याला संस्था जबाबदार आहे. तरी पंधरा दिवसांत संस्थेने लेखी माफी मागून ती फळ्यावर लावावी, आणि सर्व उमेदवारांची नव्याने, यंत्रावर परीक्षा घ्यावी. नाहीतर आपण कोर्टात जाऊ.

पैशाचा एक शब्द नव्हता. पैसे मागितले असते तर निदान लोभी म्हणता आलं असतं.

खाली 'प्रत माहितीसाठी सादर' अशी यादी होती. त्यात आठ कार्यालयं होती. मी सत्तावीस वर्षं नोकरी केली आहे. मला मजकुराची भीती वाटत नाही. यादीची वाटते.

मी अर्धी रजा टाकून सायकलने भांडारात गेलो. बंडोपंत साखर तोलत होते. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला आणि खरोखरच्या आश्चर्याने मला विचारलं, "पण यात वाईट काय झालं? मुली चांगल्या होत्या म्हणूनच विचारलं ना?"

"बंडोपंत, त्या टायपिंगची परीक्षा द्यायला आल्या होत्या."

"टायपिंग काय, लग्नानंतरही करता आलं असतं. पुतण्याची हरकत नव्हती."

मी मुलाखतीचं रजिस्टर मागितलं. आपण ते जाळून टाकावं असं मला वाटलं, पण हेडक्लार्कने रजिस्टर जाळणं म्हणजे भटजीने जानवं विकणं. मी उघडलं. बंडोपंतांनी रकाने स्वतः आखले होते, पट्टी लावून, तांबड्या शाईने. नाव. गाव. रंग. चाल. गोत्र. शेरा. पुरुषांच्या पुढे सगळीकडे आडवी रेघ. नलिनी भोयरच्या पुढे लिहिलं होतं: "रंग गव्हाळ. चाल ताठ. उलट उत्तर देते." एका आनंदाबाई नावाच्या बाईंच्या पुढे: "वय जास्त. विचार करू नये." प्रत्येक पानावर भांडाराचा गोल शिक्का, आणि शेवटी "चिटणीसांच्या आदेशावरून" असं लिहून बंडोपंतांची सही.

"हे 'आदेशावरून' कशाला लिहिलंत?"

"तुमचं पत्र होतं ना. संपूर्ण अधिकारांचं."

संध्याकाळपर्यंत वस्तीत बातमी पसरली. ती कशी पसरली हे मला माहीत आहे, कारण पत्र मी कचेरीत उघडलं होतं. मात्र पसरता पसरता तिच्यातले बंडोपंत गळून पडले आणि मी राहिलो. नळावर असं ठरलं की नानांनी भांडारात मुली चालवून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या नाचवून पाहिल्या असं झालं. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने मला विचारलं की पाहणी परत कधी आहे.

शेजारचे लक्ष्मणराव कोर्टात नाझर होते, आता निवृत्त. कोर्टात तीस वर्षं बसल्यामुळे आपल्याला कायदा कळतो अशी त्यांची समजूत होती. ते सुपारी कातरत ओट्यावर आले.

"नाना, घाबरता काऊन? सोपं हाय. लिहून टाका, का बंडोपंतानं जे केलं ते त्याच्या मनानं केलं. भांडाराचा संबंध नाई. भांडारानं काय त्याले पोहे करून पाह्य म्हनून सांगतलं होतं?"

"नव्हतं सांगितलं."

"मंग झालं त. हात वर करा आनं मोकये व्हा."

मला ते पटलं. स्वतःला सोडवणारी गोष्ट माणसाला फार लवकर पटते. रात्री जेवण होण्याआधीच मी उत्तराचा कच्चा मसुदा केला आणि सकाळी तो घेऊन पुंडलिकराव वकिलांकडे गेलो. पुंडलिकराव भांडाराचे सभासद होते आणि साखरेच्या रांगेत उभे राहत, म्हणून हक्काचे. त्यांनी मसुदा एकदा वाचला आणि पालथा घातला.

"नाना, मुलाखत कुठं झाली?"

"भांडारात."

"खुर्ची कोनाची?"

"भांडाराची."

"रजिस्टर? शिक्का?"

"भांडाराचा."

"बंडोपंताले तिथं बसवलं कोनं?"

मी पालथा मसुदा उचलून त्याची घडी घालू लागलो.

"पाहा," पुंडलिकराव म्हणाले, "तुमची बंडी तुमचा गडी हाकून राह्यला. तुम्ही त्याले बाजारात जायाले सांगतलं. रस्त्यात त्यानं दुसऱ्याच्या वावरात बैल घातले आनं उभी पऱ्हाटी तुडवली. आता तुम्ही म्हनता, मी त त्याले तुडव म्हनून सांगतलं नव्हतं. बरोबर हाय. पन बंडी कोनाची? काम कोनाचं? वावरवाला तुमच्याच दारात यीन का नाई?"

"पण तो स्वतःच्या पुतण्यासाठी..."

"पुतन्यासाठी त्यानं त्याईच्या घरी जाऊन पाह्यलं असतं त त्याचं तो. तुमच्या खुर्चीत बसून पाह्यलं. त्या पोरी नोकरीसाठी आल्या होत्या, म्हनून चालल्या. नाईतर चालल्या असत्या काय? तो जो जोर होता ना, तो तुमच्या भांडाराचा होता. वरून तीन वर्षांमागं नवा कायदा आला हाय. भरतीत बाईमानसाशी दुजाभाव करता येत नाई. चार मानसांले काऊन नाई चालवलं?" त्यांनी नलिनीचं पत्र पुन्हा हातात घेतलं. "हे कोन्या वकिलानं लिहून देलं?"

"तिनेच लिहिलंय."

"हं," पुंडलिकराव म्हणाले, आणि पुढची पाच मिनिटं माझ्याशी बोलण्याऐवजी ते पत्रच वाचत बसले. शेवटी म्हणाले, "माफी मागा. आनं लवकर मागा."

माफी मागायला मी तयार होतो. पण संस्थेला माणसासारखी माफी मागता येत नाही, तिला ठराव करावा लागतो. ठरावाला सभा लागते, सभेला तीन दिवसांची सूचना लागते, आणि सूचना काढली तरी सभासद यावे लागतात. पहिल्या सभेला आम्ही तिघे जमलो आणि एक जण लघुशंकेला गेला तो घरीच गेला. गणपूर्तीअभावी सभा तहकूब. दुसरी सभा भरेपर्यंत पंधरापैकी बारा दिवस संपले होते.

दुसऱ्या सभेत वासुदेवरावांनी पहिल्यांदा जबाबदारी घेतली. म्हणाले, "बंडोपंताले काढून टाका."

"मग रॉकेल कोण आणणार?" कोणीतरी विचारलं. डेपोवर फक्त बंडोपंतांची ओळख होती आणि त्या महिन्यात रॉकेलची बोंब होती. सूचना मागे घेण्यात आली. बंडोपंत बाजूला बसून स्वतःच्या बडतर्फीच्या चर्चेचं टिपण लिहीत होते, कारण टायपिस्ट नव्हता.

मग मसुद्यावर चर्चा झाली. मी लिहून आणलं होतं: "संस्था माफी मागते." एकाचं म्हणणं पडलं की माफी म्हटलं की गुन्हा आला, 'दिलगिरी' घाला. दुसरा म्हणाला दिलगिरीही जास्त होते, 'खेद' पुरे. 'खेद' ठरला, तर तिसऱ्याने विचारलं की कशाबद्दल. कशाबद्दल हे लिहिलं तर ते घडलं असं सिद्ध होतं. दीड तासाने जे पत्र तयार झालं ते असं: "मुलाखतीचे वेळी काही उमेदवारांस काही वाटले असल्यास संस्थेस खेद वाटेल." वाटतो नव्हे, वाटेल. वासुदेवरावांनी पत्र फार सुंदर झाल्याचं सांगितलं. टपालाने मुदतीत पोचणार नाही म्हणून चिटणीस व व्यवस्थापकांनी ते रविवारी समक्ष केळझरला नेऊन द्यावं, असं ठरलं. एकमताने. माझं मत कोणी विचारलं नाही, तरी एकमताने.

घरी आल्यावर मी ते पत्र सुमतीला दाखवलं. नळावरची बातमी तिच्यापर्यंत आलीच होती आणि बारा दिवसांत ती त्याविषयी एक अक्षर बोलली नव्हती. तिने तांदूळ निवडता निवडता पत्र वाचलं.

"यात माफी कुठे आहे?"

"ती सूचित होते."

तिने ताट खाली ठेवलं. "मला तुमच्या काकांनी चालायला लावलं होतं, आठवतंय? सत्तावन्न साली. देवघरापासून दारापर्यंत. मग म्हणाले, जरा लवकर चाला, पाय अधू नाही ना ते कळेल."

"अगं, तेव्हाची पद्धत..."

"तुम्ही समोर बसला होता. पोहे खात होता. मान वर केली नाहीत."

बावीस वर्षांच्या संसारात हे तिने एकदाही काढलं नव्हतं. काकांचा स्वभाव तसा होता, असं म्हणणार होतो, पण तेवढ्यात लक्षात आलं की गेले बारा दिवस मी बंडोपंतांबद्दल हेच म्हणत फिरतोय. सुमतीने पत्राची घडी करून माझ्या हातात दिली. "न्या. पण वाचून दाखवायची वेळ आली तर हळू वाचा."

रविवारी सकाळी वर्ध्याच्या बसस्टँडवर बंडोपंत काळा कोट आणि टोपी घालून हजर. म्हणाले, माफी मागायला जायचं तर नीट जावं. मी त्यांना नावं ठेवू शकलो नाही, कारण माझ्या हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा होता. केळझरला जायचं आणि तिथल्या प्रसिद्ध गणपतीपुढे रिकाम्या हाताने उभं राहायचं, हे मला जमलं नसतं. देवदर्शन काम झाल्यावर करू, असं आम्ही ठरवलं. आधी केलं असतं तर पुढचा प्रसंग टळला असता.

केळझरला उतरून मी पानठेल्यावर चंद्रभान भोयरांचं घर विचारलं. पानठेलेवाल्याने कोट पाहिला, टोपी पाहिली, नारळ पाहिला आणि पेढे पाहिले.

"चंद्रभानच्या पोरीसाठी आले काय?"

"हो, तिच्याच संदर्भात," मी म्हणालो.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आमच्या आधी बातमी पोचली होती. चंद्रभान सदऱ्याची बटणं लावत बाहेर आले. बाजेवर सतरंजी पडली होती आणि आतून मोहरी तडतडल्याचा आवाज येत होता. शेजारच्या चार बायका कुडाआडून पाहत होत्या.

"या, बसा. आंधी सांगतलं असतं त स्टँडावर बंडी धाडली असती."

"आम्ही भांडारातर्फे आलो आहोत," मी सुरुवात केली.

"बरं. पोरगा भांडारात हाय काय?"

"नाही, पुलगावला असतो," बंडोपंत म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं, एवढाच त्यांचा हेतू होता, हे मला आजही मान्य आहे. पण ते उत्तर ऐकून चंद्रभान समाधानाने बाजेवर टेकले आणि शकुबाईंनी, म्हणजे नलिनीच्या आईने, माझ्या हातात पोह्याची ताटली ठेवली. वर ओलं खोबरं होतं. मी सकाळपासून उपाशी होतो. मी दोन घास खाल्ले, हेही मान्य करतो.

"पोरगी आवरून राह्यली," चंद्रभान म्हणाले.

नलिनी आवरून नव्हे, विहिरीवरून आली. कमरेला पदर खोचलेला, हात ओले. एकवीस-बावीस वर्षांची असेल. तिने कोटातले बंडोपंत ओळखले, नारळ पाहिला, ताटली पाहिली, आणि बापाला म्हणाली, "बाबा, हे पाहाले नाई आले. याइचं पाहून झालं."

मग तिने सगळं सांगितलं. आवाज न चढवता, क्रमाने, पत्रात होतं तसंच. मुलाखत, गोत्र, टाकी, दोरा. माझ्या तोंडातला घास तिथेच राहिला. चंद्रभानना यातलं काही माहीत नव्हतं, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं.

"तुले चालवून पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आनं तू मले सांगतलं नाई."

"सांगतलं असतं त तुमी मले वर्ध्याले जाऊ देलं असतं काय?"

"नसतंच देलं. आताबी देत नाई. झालं तुयं टायपिंग. घरी बस."

तिचा चेहरा असा उतरला की मला पोह्यांची ताटली हातात धरवेना. तिने जे घरापासून लपवलं होतं आणि पत्र लिहून संस्थेकडून जे मिळवायचं होतं, ते दोन्ही आम्ही एका भेटीत पार उधळून लावलं होतं. आणि हे करायला आम्ही एस.टी.ने आलो होतो, ठराव करून.

मी घाईने खिशातून पत्र काढून तिला दिलं. तिने वाचलं. मग वर पाहून म्हणाली, "काही उमेदवारांस काही वाटले असल्यास. साहेब, मले वाटलं का नाई हे कोनी विचारलं? मले चालवलं. ते लिहा."

"संस्थेचा ठराव एवढाच आहे," मी म्हणालो. हे वाक्य बोलताना मला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. म्हणजे, खरं तर चांगला ओळखू आला. कचेरीत रोज येतो तोच.

मी ताटली बाजेवर ठेवली. तिच्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि गुडघ्यावर लिहिलं: "भांडाराच्या व्यवस्थापकाने मुलाखतीस आलेल्या सात महिला उमेदवारांना टंकलेखनाची परीक्षा न घेता लग्नाच्या मुलींसारखे पाहिले, चालवले व अपमानित केले. त्यांना हा अधिकार संस्थेने दिला होता. हा दोष संस्थेचा आहे. संस्था बिनशर्त माफी मागते." खाली सही केली. ठरावात हे बसत नव्हतं. बसो न बसो, मी पहिल्यांदाच त्या पंधरवड्यात एक सरळ वाक्य लिहिलं होतं.

बंडोपंत उठले. टोपी काढून म्हणाले, "पोरी, माझ्या मनात वाईट नव्हतं."

"मनातलं मी लिहिलं नाई," नलिनी म्हणाली. "केलं ते लिहिलं."

त्यांनी टोपीची घडी घातली. मग म्हणाले, "चुकलं." एवढंच. पुतण्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

चंद्रभान अजून जमिनीकडे पाहत होते. मी त्यांना म्हणालो की पुन्हा परीक्षा होईल, मी स्वतः तिथे असेन, वकील असतील, बंडोपंत नसतील. ते नकारार्थी मान हलवत राहिले. तेव्हा इतका वेळ दारात उभ्या असलेल्या शकुबाई बोलल्या.

"तुमी इतके वर्सं अर्ज करून राह्यले. विहिरीसाठी केले, बांधासाठी केले. तुमच्या कागदावर कोनी आलं काय कधी? हिनं एक कागद लिहिला त वर्ध्याहून दोन मानसं कोट घालून आले." त्या नवऱ्याकडे पाहतच होत्या. "तिले जाऊ द्या. घरी बसवाची पोरगी नाई हे."

चंद्रभाननी सदऱ्याचं उरलेलं बटण लावलं. मग त्यांनी मला विचारलं, "परीक्षा कोन्या टायमाले हाय?"

पुढच्या रविवारी सकाळी दहाला होती. माझ्या हातची माफी मी शिक्का मारून फळ्यावर लावली. पहिल्याच दिवशी वासुदेवरावांनी ती वाचली आणि सभा बोलावली. त्या सभेला गणपूर्ती झाली नाही, त्यामुळे माफी तशीच राहिली. सभासदांच्या अनास्थेचा मला आयुष्यात एवढाच उपयोग झाला. बंडोपंत रोज त्या फळ्याखाली उभे राहून साखर तोलत. लोक साखर घेत आणि माफी वाचत. चौथ्या दिवशी पाऊस वळचणीतून आत आला तेव्हा शाई पुसू नये म्हणून तिच्यावर काच त्यांनीच बसवली.

परीक्षेला अकरापैकी नऊ जण आले. एका टायपिंग क्लासचे मास्तर परीक्षक, पुंडलिकराव निरीक्षक. लक्ष्मणराव बोलावलं नसताना आले आणि कोणाच्या बोटांची ठेवण कशी आहे हे सांगू लागले, तेव्हा पुंडलिकरावांनी त्यांना दारातल्या चपला राखायचं काम दिलं. वीजटंचाईमुळे पंखा बंद होता. मी एका कोपऱ्यात बसून नऊ जणांचा खडखडाट ऐकला. नलिनी पाठीचा कणा ताठ ठेवून टाईप करत होती. चंद्रभान बाहेर लिंबाखाली बसले होते.

मला वाटत होतं ती पहिली यावी. वाटत होतं म्हणजे मी तसं जवळजवळ धरूनच चाललो होतो. न्याय पूर्ण झाल्यासारखा वाटला असता, आणि माझं ओझं उतरलं असतं.

मास्तरांनी निकाल दिला. पहिल्या आल्या आनंदाबाई. बोरगावच्याच, अडतीस वर्षांच्या, चार घरी शिवणकाम करून संध्याकाळी क्लासला जाणाऱ्या. "वय जास्त. विचार करू नये." त्यांच्या कागदावर एकही चूक नव्हती. नलिनीच्या कागदावर दोन होत्या.

मी पुंडलिकरावांना बाजूला घेतलं. "काही करता येईल का? लढली ती."

"नाना," पुंडलिकराव म्हणाले, "आत्ता त कुठं नोटीस निपटली."

नलिनीने दोन्ही कागद मागून घेतले, शेजारी ठेवून ओळीओळीने तपासले. दुसऱ्या चुकीवर तिचं बोट जरा थांबलं. मग तिने कागद परत केले. "बरोबर हाय," म्हणाली. रडली नाही, हसलीही नाही. पुढे तीन महिन्यांनी तिला सेलूला एका शाळेत नोकरी लागली, तीही परीक्षा देऊन. पण ते त्या दिवशी आम्हांला कोणालाच माहीत नव्हतं, तिला तर नव्हतंच.

नेमणूकपत्र तेव्हाच द्यावं असं पुंडलिकरावांचं मत पडलं, नाहीतर पुन्हा सभा. आनंदाबाई यंत्रापुढे बसल्या, तेवढ्यात दारातून लक्ष्मणरावांनी हरकत घेतली की स्वतःचं नेमणूकपत्र स्वतः टाईप करणं नियमात बसत नाही. कोणत्या नियमात ते त्यांना सांगता येईना, पण आनंदाबाई बिचकून उठल्या.

"सरका मावशी," नलिनी म्हणाली. "मी करतो."

ती बसली. कागद, कार्बन, कागद. मी सांगत गेलो, ती टाईप करत गेली. बाहेर चंद्रभान उठून उभे राहिले होते, बसची वेळ होत आली होती. मी सांगणं थांबवलं तरी यंत्र आणखी थोडा वेळ चाललं. मग तिने कागद ओढून काढला, माझ्यापुढे ठेवला, आनंदाबाईंना म्हणाली, "वाचून मंगच घेजा," आणि चपला घालून बापाबरोबर निघून गेली.

पत्रात शेवटी मी न सांगितलेली एक ओळ होती. "सदर कर्मचाऱ्यास टंकलेखनाखेरीज अन्य काम सांगण्याचा अधिकार व्यवस्थापकास अथवा चिटणीसास राहणार नाही."

एकही चूक नव्हती. मी सही केली.